खिडकी बंद होते, मेमरी मागे राहते

विंडोज ३.१ वर काम करणाऱ्यांना एक कोडं वारंवार पडायचं. रॅम बरीचशी मोकळी असायची, तरीही नवी खिडकी उघडायला गेलं की मेमरी पुरेशी नसल्याचा निरोप यायचा. अडचण रॅमची नव्हतीच. पडद्यावर रेघ ओढणारं पेन, रंग भरणारा ब्रश, अक्षरांचा फाँट या सगळ्यांची नोंद विंडोजचा चित्रणविभाग, म्हणजे जीडीआय, अवघ्या ६४ किलोबाइटच्या जागेत ठेवत असे. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून ती एकच जागा होती. एखाद्या प्रोग्रॅमने पेन तयार केलं आणि परत केलं नाही, तर तो बंद झाल्यावरही पेन तिथेच पडून राही. मग विंडोज पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे.

एनटी वंशाच्या विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसचा हिशेब वेगळा झाला. प्रोसेस संपली की तिने घेतलेलं सगळं काढून घेतलं जाऊ लागलं आणि एका प्रोसेसला सहसा १०,००० जीडीआय हँडल अशी मर्यादा आली. चूक मात्र त्याच स्वरूपाची राहिली. खिडकी पुन्हा रंगवणाऱ्या फंक्शनमध्ये दर वेळी एक ब्रश सुटायचा राहतो आणि खिडकी तर दिवसभरात हजारो वेळा रंगवली जाते. मर्यादा गाठली की नवा ब्रश मागणाऱ्याला रिकामा हात मिळतो. टूलबार काळा पडतो, मेनूतली अक्षरं गायब होतात आणि मिळालेलं हँडल न तपासता वापरणारी एखादी ओळ कोसळते. क्रॅशच्या अहवालात नाव येतं ते त्या शेवटच्या ओळीचं. ज्या फंक्शनने सकाळपासून ब्रश सांडले, ते त्या क्षणी स्टॅकवर नसतंही.

ग्राफिकल इंटरफेसच्या प्रोग्रॅमिंगमध्ये क्रॅश आणि मेमरी लीक यांचा शोध अवघड का, याचं बरंचसं उत्तर या उदाहरणात आहे. गेल्या तीसेक वर्षांत त्यावर अनेक उपाय सुचवले गेले. प्रत्येकाने काही चुका कायमच्या घालवल्या आणि काही दुसरीकडे सरकवल्या. त्या वाटचालीचा हा आढावा.

एकाच प्रश्नाच्या दोन बाजू

मेमरी लवकर सोडली तर क्रॅश होतो, उशिरा सोडली किंवा सोडलीच नाही तर लीक होतो. हे कोणत्याही प्रोग्रॅमला लागू आहे. पण पगारपत्रक काढणारा प्रोग्रॅम सुरू होतो, काम करतो आणि संपतो, त्याचा क्रम लिहिणाऱ्याच्या हातात असतो. इंटरफेसमध्ये क्रम वापरणारा ठरवतो. फाइल उतरत असतानाच तो खिडकी बंद करतो, एकाच बटणावर दोनदा क्लिक करतो, संवादचौकट उघडी ठेवून मागची खिडकी मिटतो.

त्यातच ‘बंद करा’ हे बटण दाबल्यावर चालणारा कोड त्या बटणाच्याच मालकीच्या खिडकीत असतो. खिडकी तिथल्या तिथे नष्ट केली, तर कोडच्या पुढच्या ओळी नष्ट झालेल्या ऑब्जेक्टवर चालतात. क्यूट या टूलकिटमध्ये ‘डिलीटलेटर’ हे फंक्शन याचसाठी आहे: ऑब्जेक्ट आत्ता मारायचा नाही, हातातली घटना पूर्ण होऊन इव्हेंट लूपकडे परतल्यावर मारायचा. उपाय साधा आहे, पण कोणता ऑब्जेक्ट कधी मरणार हे केवळ कोड वाचून कळत नाही, घटनांचा क्रम डोळ्यांसमोर आणावा लागतो, हे तो उघडपणे मान्य करतो.

मालकीचं झाड

पहिला मोठा विचार मालकीच्या झाडाचा. पडदा मुळातच झाडासारखा रचलेला असतो: खिडकीत पॅनेल, पॅनेलमध्ये बटणं. मग मालकीही तशीच ठेवावी आणि आई नष्ट झाली की लेकरं आपोआप नष्ट व्हावीत. १९९५ साली लोकांसमोर आलेल्या क्यूटने ही रीत सी++ मध्ये इतकी रुळवली, की तिथे बटण ‘न्यू’ने तयार करून ‘डिलीट’ न लिहिणं हीच शिस्त मानली जाते.

या रीतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं भक्कम आहे. नाश नेमक्या क्षणी होतो, खर्च आधी कळतो, आणि विजेट्सपुरत्या लीकचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मर्यादा दिसतात त्या झाडात न बसणाऱ्या नात्यांमध्ये. एकच डेटा-मॉडेल दोन खिडक्या दाखवत असतील तर त्याची आई कोण? टायमर आणि नेटवर्कचं उत्तर यांचं काय? मोडल संवादचौकटीची गोष्ट तर नवख्यांना हमखास अडवते. चौकट स्टॅकवर तयार केलेली असते, तिला आई दिलेली असते, आणि ती उघडी असताना आतला दुसरा इव्हेंट लूप चालू असतो. तेवढ्यात आई नष्ट झाली तर ती स्टॅकवरच्या लेकरालाही ‘डिलीट’ करते. परतल्यावर क्रॅश ठरलेला. जमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा असावा तसे इथे धरणारे आणि वापरणारे वेगळे असतात. झाड फक्त मालकाची नोंद ठेवतं.

संदर्भ मोजणं

दुसरा मार्ग म्हणजे ऑब्जेक्टला किती जणांनी धरून ठेवलं आहे हे मोजायचं आणि संख्या शून्यावर आली की सोडायचं. ही कल्पना जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी गार्बेज कलेक्शन मांडलं तेही त्याच वर्षी. इंटरफेसच्या जगात मोजणीचा मार्ग जीटीके आणि ॲपलच्या कोको या दोन घराण्यांनी धरला.

जीटीकेला झाडाची सोय आणि मोजणीची लवचिकता दोन्ही हवी होती. म्हणून तिथे तरंगता संदर्भ आला: नवं विजेट जन्मतं तेव्हा त्याचा संदर्भ कोणाचाच नसतो, ज्या डब्यात ते ठेवलं जातं तो डबा तो आपलासा करतो. सी भाषेत लिहिणाऱ्याला हे सुखाचं आहे. पण दुसऱ्या भाषेतून जीटीके वापरू देणारे दुवे लिहिणाऱ्यांना हा नियम फार जपावा लागतो. एक मोजणी कमी पडली तर क्रॅश, एक जास्त झाली तर लीक.

कोकोचा प्रवास अधिक बोलका आहे. सुरुवातीला ‘रिटेन’ आणि ‘रिलीज’ हाताने लिहावे लागत. मॅकच्या २००७ च्या लेपर्ड आवृत्तीत ॲपलने ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी गार्बेज कलेक्शन आणलं. २०११ मध्ये एआरसी आलं, म्हणजे मोजणीच ठेवायची पण ‘रिटेन’–‘रिलीज’ कंपायलरने घालायचे. २०१२ च्या माउंटन लायन आवृत्तीत गार्बेज कलेक्शन कालबाह्य ठरवलं गेलं. एका मोठ्या कंपनीने दोन्ही मार्ग आपल्याच मंचावर चालवून पाहावेत आणि पाच वर्षांत एक सोडून द्यावा, असा प्रसंग या क्षेत्रात क्वचितच येतो.

एआरसीने हाताने मोजण्यातल्या चुका घालवल्या, चक्रं तशीच राहिली. खिडकी एका क्लोजरला धरते, क्लोजर खिडकीला धरतं, दोघांची संख्या कधीच शून्य होत नाही. म्हणून स्विफ्टमध्ये ‘वीक सेल्फ’, म्हणजे मोजणीत न धरला जाणारा कमकुवत संदर्भ, लिहिण्याची सवय पडली. इथे एक खरा मतभेद आहे. एआरसीपूर्वी डेलिगेटकडे, म्हणजे घटना कळवायच्या ऑब्जेक्टकडे, जाणारा पॉइंटर कच्चा असे, पडदा मागे गेल्यावर त्याच्याकडे निरोप गेला की ॲप कोसळे. आता कमकुवत संदर्भ आपोआप रिकामा होतो आणि निरोप शांतपणे विरतो. एका बाजूचं म्हणणं, वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे निखळ भलं झालं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जो निरोप जायलाच नको होता तो आता कोणाला दिसतही नाही. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण दुसरी तक्रार मी पोकळ मानत नाही. क्रॅश झाला असता तर निदान चूक कुठे आहे याचा पत्ता मिळाला असता.

कलेक्टरच्या भरवशावर

जावा, डॉटनेट आणि अँड्रॉइड यांनी तिसरा मार्ग घेतला. ज्या ऑब्जेक्टपर्यंत मुळापासून पोचता येत नाही तो कलेक्टर उचलतो. चक्रांचा प्रश्न संपला, सोडलेल्या मेमरीला हात लावून होणारे क्रॅश त्या भाषेच्या आत तरी संपले. हा लाभ फार मोठा आहे.

उरला तो विसरलेल्या श्रोत्याचा प्रश्न. खिडकी एखाद्या दीर्घायुषी ऑब्जेक्टकडे ‘बदल झाला की मला कळव’ अशी नोंद करते. खिडकी बंद होते, नोंद राहते. कलेक्टरच्या दृष्टीने खिडकी अजून पोचण्याजोगी आहे, म्हणून ती तिच्यातल्या चित्रांसकट जिवंत राहते. अँड्रॉइडवर याला फोन आडवा करण्याची जोड मिळाली. फोन फिरवला की ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा एक पडदा, मोडून नवी तयार होते. जुनीला एखादा स्थिर चल, हँडलर किंवा एसिंकटास्क धरून बसला, तर प्रत्येक फिरवण्यासरशी एक अख्खा पडदा मागे राहतो. पहिल्या अँड्रॉइड फोनवर एका ॲपला मिळणारा हीप १६ मेगाबाइटचा होता, त्यामुळे काही वेळा फोन फिरवणं ॲप संपवायला पुरे होई. २०१७ मध्ये गूगलने फोन फिरवला तरी टिकणारं व्ह्यूमॉडेल आणलं आणि अँड्रॉइड ११ मध्ये एसिंकटास्क कालबाह्य ठरवलं. एसिंकटास्क बाद होण्यामागे अशा गळतीचंही कारण होतं.

उपायांबाबत इथे दोन मतं आहेत. एक्लिप्स या संपादकासाठी बनलेल्या एसडब्ल्यूटी या टूलकिटने जावात राहूनही नियम केला की जो तयार करतो त्यानेच ‘डिस्पोज’ म्हणावं. पडद्याची साधनं ऑपरेटिंग सिस्टिमची असतात, कलेक्टर केव्हा येईल यावर ती सोडता येत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. दुसरं मत कमकुवत नोंदींचं. डॉटनेटच्या डब्ल्यूपीएफ या टूलकिटमध्ये २००६ सालीच ‘वीकइव्हेंटमॅनेजर’ होता. या मताची अडचण उलट टोकाची आहे: श्रोता फक्त कमकुवत संदर्भाने धरला असेल तर हवा असतानाही नाहीसा होतो. जावाच्या जावाएफएक्समध्ये बांधलेली किंमत काही वेळाने अपडेट व्हायची थांबते, पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये लेबलवर लावलेलं चित्र फंक्शन संपताच गायब होतं, ते यामुळे. टीकेइंटरमध्ये पायथॉनने ‘कोणालाच नको आहे’ म्हणून उचललेलं चित्र पडद्याला हवं असतं.

सीमेवरचे प्रश्न

माझ्या मते सगळ्यांत चिवट चुका कोणत्याही एका पद्धतीच्या आत नसतात, दोन पद्धती जिथे भेटतात तिथे असतात. इंटरफेसमध्ये अशी भेट टळत नाही. वरचा थर जावा, पायथॉन किंवा जावास्क्रिप्टचा आणि खालचा सी++ चा, हीच नेहमीची रचना.

इंटरनेट एक्स्प्लोरर ६ हे याचं ठळक उदाहरण. त्यात पानाचे घटक कॉम या पद्धतीने संदर्भ मोजत आणि जेस्क्रिप्टचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जावास्क्रिप्टचं, इंजिन स्वतःचा कलेक्टर चालवी. बटणाने क्लोजरला धरलं आणि क्लोजरने बटणाला, तर चक्र सीमा ओलांडून जाई. मोजणाऱ्याला चक्र दिसत नसे आणि कलेक्टरला पलीकडची बाजू दिसत नसे. दुसऱ्या पानावर गेलं तरी मेमरी परत मिळत नसे. पानं छोटी होती तोवर हे खपून गेलं. जीमेलसारखी, दिवसभर उघडी राहणारी पानं २००४ पासून आली तेव्हा ब्राउझर संध्याकाळपर्यंत जड होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने हे नंतरच्या दुरुस्त्यांत आणि आयई ८ मध्ये सावरलं.

फायरफॉक्ससमोर हाच प्रश्न होता, त्याने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत चक्रं शोधणारा वेगळा कलेक्टर बसवला. क्रोमच्या ब्लिंक इंजिनाने पुढे जाऊन पानाच्या घटकांची मोजणीच सोडली. ऑइलपॅन या प्रकल्पात त्यांच्यासाठी सी++ मध्ये कलेक्टर आला आणि नंतर तो जावास्क्रिप्टच्या इंजिनाशी जोडून दोन्ही बाजू एकत्र तपासण्याची सोय झाली. दोन हिशेबनीस एकमेकांना विचारत बसण्यापेक्षा वही एकच असावी, हा त्यामागचा निर्णय.

फायरफॉक्समधला आणखी एक प्रसंग मला या आढाव्यात मध्यवर्ती वाटतो. २०११ मध्ये निकोलस नेदरकोट यांनी मेमश्रिंक हा प्रकल्प सुरू केला. तपासात दिसलं की बरीच गळती ब्राउझरची नव्हतीच, लोकांनी लिहिलेल्या ॲड-ऑनची होती. ते बंद झालेल्या पानांना धरून बसत. हजारो लेखकांना कोड सुधारायला सांगणं अशक्य होतं. २०१२ च्या फायरफॉक्स १५ मध्ये काइल ह्यूई यांनी केलेला बदल आला: पान बंद झालं की ॲड-ऑनकडून त्या पानाकडे जाणारे धागे ब्राउझरनेच तोडायचे. नंतर ॲड-ऑनने त्या पानाला हात लावलाच तर त्याला ‘मृत ऑब्जेक्ट’ अशी चूक मिळे. काही ॲड-ऑन मोडण्याचा धोका पत्करून हा बदल केला गेला, आणि गळतीचा एक मोठा वर्ग एका फटक्यात गेला. पोचता येतं की नाही हा कलेक्टरचा निकष बाजूला ठेवून पान बंद झालं हा वापरणाऱ्याचा निकष इथे मेमरीला लावला गेला. खिडकी कधी संपली हे टूलकिटला माहीत असतं, कलेक्टरला नसतं, आणि या क्षेत्रातले यशस्वी उपाय बहुतेक वेळा ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात.

अँड्रॉइडने चित्रांच्या बाबतीत सीमाच दोनदा हलवली. २.३.३ पर्यंत बिटमॅपचे पिक्सेल नेटिव्ह मेमरीत असत, ३.० पासून ७.१ पर्यंत जावाच्या हीपमध्ये आले, ८.० पासून पुन्हा नेटिव्ह बाजूला गेले. कलेक्टरच्या नजरेत असावेत, की त्याच्या मर्यादेबाहेर असावेत, यावर त्याच मंचाने दोन्ही उत्तरं दिली आहेत.

शोधाची साधनं

साधनांचा इतिहास १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या प्युरिफायपासून धरता येतो. २००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांचं व्हॅलग्रिंड आलं, नंतर गूगलचं ॲड्रेससॅनिटायझर, ज्यावरचा निबंध २०१२ सालचा. व्हॅलग्रिंडमध्ये प्रोग्रॅम दहापट-वीसपट मंदावतो. इंटरफेससाठी हे अधिक अडचणीचं आहे, कारण वेग बदलला की घटनांचा क्रमही बदलतो आणि शोधत असलेला क्रॅशच पळून जातो. सॅनिटायझरने हा दंड साधारण दुपटीवर आणला, म्हणून तो रोजच्या चाचण्यांत बसला.

क्रॅशसाठी ही साधनं उत्तम आहेत. लीकबाबत ती इंटरफेसमध्ये तोकडी पडतात, कारण ज्याकडे कोणताच पॉइंटर उरला नाही अशी मेमरी ती शोधतात. इंटरफेसमधली बरीच गळती पोचण्याजोगी असते, फक्त कोणाला नको असते. याउलट फाँटची यादी किंवा थीमची माहिती एकदा घेऊन शेवटपर्यंत ठेवणाऱ्या लायब्रऱ्यांबद्दल ती इतक्या सूचना देतात, की त्या दडपणाऱ्या याद्या सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं.

२०१५ मध्ये स्क्वेअर या कंपनीने खुल्या केलेल्या लीककॅनरीने वेगळी वाट घेतली. ॲक्टिव्हिटी नष्ट झाल्याची सूचना अँड्रॉइड देतोच. लीककॅनरी त्या क्षणी तिचा कमकुवत संदर्भ ठेवते, काही सेकंद थांबते, कलेक्टरला संधी देते, आणि ती तरीही जिवंत असेल तर हीपची प्रत काढून तिला कोणी धरलं आहे ती सर्वांत जवळची साखळी दाखवते. मेटाने २०२२ मध्ये खुलं केलेलं मेमलॅब वेब पानांबाबत असंच करतं: पानावर जा, परत या, मागे काय उरलं ते पाहा. हाताने करायची जुनी कसोटीही हीच, की एकच खिडकी पुन्हा पुन्हा उघडून मिटायची आणि आलेख पायरीपायरीने चढतो का ते बघायचं. पहिल्या उघडण्यात वाढ होणारच, ती कॅशची. दहाव्या उघडण्यातही तेवढीच वाढ होत असेल तर ती गळती.

क्रोमने ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसमध्ये २०२२ पासून आणलेला मिरॅकलपॉइंटर हा मधला मार्ग आहे. कोणी अजून बोट दाखवत असेल तर सोडलेली मेमरी पुन्हा वाटायची नाही, वेगळी ठेवायची. मेमरीचा वापर काही टक्क्यांनी वाढतो, पण हल्लेखोराच्या हाती जाऊ शकणारी चूक निष्प्रभ होते. सुरक्षिततेसाठी थोडी गळती जाणूनबुजून पत्करणं असंच याचं वर्णन करावं लागेल.

नव्या रचना

रिॲक्ट, फ्लटर, स्विफ्टयूआय आणि जेटपॅक कंपोज यांत प्रोग्रॅमर विजेट सहसा धरूनच ठेवत नाही. पडदा कसा दिसावा हे तो सांगतो, जन्म आणि मृत्यू फ्रेमवर्क सांभाळतं. गळतीचं क्षेत्र यामुळे खरोखर आकुंचलं आहे. उरले ते परिणाम: टायमर, सॉकेट, नोंदी. रिॲक्टमध्ये ‘यूझइफेक्ट’ने साफसफाईचं फंक्शन परत करावं, फ्लटरमध्ये ‘डिस्पोज’ लिहावं, ही जबाबदारी अजून माणसाचीच आहे. काढून टाकलेल्या घटकाची स्थिती बदलली तर लीकची शंका व्यक्त करणारा इशारा रिॲक्ट बरीच वर्षं देत असे. २०२२ च्या आवृत्ती १८ मध्ये तो काढला गेला, कारण बहुतेक वेळा तिथे गळती नसे आणि लोक इशारा गप्प करायला कोड अधिक वाईट करत.

रस्टकडून मोठ्या अपेक्षा होत्या आणि क्रॅशबाबत त्या पुऱ्याही होतात. लीकबाबत मात्र २०१५ मध्ये, पहिली स्थिर आवृत्ती येण्याच्या तोंडावरच, त्या समाजाने विचारपूर्वक ठरवलं की मेमरी सुटायची राहणं हे असुरक्षित मानायचं नाही, कारण मोजलेल्या संदर्भांची चक्रं सुरक्षित कोडमधूनही बनू शकतात. शिवाय एकमेकांना धरणारी विजेट्स रस्टच्या मालकीच्या नियमांत सहज बसत नाहीत. तिथले लेखक म्हणून इगुईसारख्या, प्रत्येक फ्रेमला पडदा नव्याने सांगणाऱ्या रचनांकडे वळलेले दिसतात.

अजून न सुटलेलं

लीक म्हणजे काय यावर एकमत नाही. कॅश आणि गळती यांतला फरक हेतूचा आहे आणि हेतू हीपमध्ये लिहिलेला नसतो. प्रोसेस वेगळ्या करून बिघडलेली नव्याने सुरू करावी, की मूळ दोष शोधावा, यावरही दोन प्रामाणिक बाजू आहेत. ज्याच्या यंत्रात भरपूर रॅम आहे त्याला पहिला मार्ग परवडतो. पण २०१४ मध्ये भारतातूनच सुरू झालेल्या अँड्रॉइड वनच्या पहिल्या फोनमध्ये एक गिगाबाइट रॅम होती. तशा फोनवर मागच्या ॲपची गळती म्हणजे पुढच्या ॲपचा बळी. प्रणाली मेमरीसाठी ॲप मारते, अर्धवट भरलेला अर्ज पुसला जातो, आणि भरणाऱ्याला तो क्रॅशच वाटतो. ज्या अहवालांत आपण क्रॅश मोजतो त्यांत हा बळी सहसा येत नाही.

वापरणाऱ्यांच्या यंत्रांतून माहिती मिळवणं हाच सर्वांत मोठा अडसर आहे. क्रॅशला स्टॅक असतो, तो पाठवता येतो. तशा लाखो अहवालांची वर्गवारी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या त्रुटी-अहवाल यंत्रणेतून दाखवून दिली. २००२ मध्ये स्टीव्ह बाल्मर यांनी ग्राहकांना कळवलं होतं की एक टक्का दोषांमुळे निम्म्या चुका होतात. लीकला असा स्टॅक नसतो. त्यासाठी हीपची प्रत लागते आणि त्या प्रतीत वापरणाऱ्याचे संदेश, फोटो, कधी पासवर्डही असतात. लीककॅनरीच्या विश्लेषकात अशा प्रतीतली अक्षरं आणि पिक्सेल पुसून फक्त कोण कोणाला धरून आहे हा सांगाडा ठेवण्याची सोय आहे. विसरलेला श्रोता शोधायला तो सांगाडा पुरतो. एकच मजकूर किंवा एकच चित्र हीपमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी साठलं असेल, तर मात्र पुसलेल्या प्रतीवरून ते कळत नाही, आणि न पुसलेली प्रत मागण्याचा हक्क कोणालाही नाही.